कप्तान जायबंदी झाल्यावर

अकरा माणसें मैदानावर उतरलीं म्हणजे संघ झाला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु प्रत्येक संघांत एखादा असा पुरुष असतो कीं, ज्याच्या नुसत्या असण्यावर बाकीच्या दहाजणांचा धीर टेकलेला असतो. हंगाम संपत आलेला आहे, कित्येक महिन्यांच्या खेळानें सर्वांचीं अंगें आंबून गेलीं आहेत, आणि अशा वेळीं तोच पुरुष एकाएकीं जायबंदी होऊन पडतो. मग राहिलेल्यांचें काय होतें? ह्या प्रश्नाचें उत्तर तर्कानें देतां येत नाहीं. तें घडलेल्या प्रसंगांतच शोधावें लागतें. भारतीय क्रिकेटच्या इतिहासांत असा प्रसंग १९६२ सालच्या मार्च महिन्यांत, मायभूमीपासून हजारों मैल दूर असलेल्या बार्बेडोस बेटावर घडला. आणि त्या प्रसंगानंतर जो गडी सर्वांत ठामपणें उभा राहिला, तो जन्मानें सोलापूरचा होता.

सोलापूर म्हटलें कीं लोकांस गिरण्यांचे भोंगे आठवतात, चादरी आठवतात, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आठवते आणि १९३० सालचा मार्शल लॉ आठवतो. क्रिकेटचें नांव त्या यादींत सहसा कोणी घालीत नाहीं. तथापि ज्या कापडानें हें शहर वाढविलें, त्या कापडाचाच ह्या कथेशीं थोडा संबंध आहे. १८७७ सालीं तेथें पहिली मोठी कापडगिरणी निघाली आणि सूत व कापड ह्यांच्या व्यवहारासाठीं नाना जातिधर्मांचीं माणसें त्या गांवांत येऊन वसलीं. मराठी, कानडी आणि तेलुगु ह्या तिन्ही भाषा जेथें एकाच बाजारांत कानांवर पडतात, त्या शहरांतील एका पारशी कुटुंबांत २८ मार्च १९२६ रोजीं पहलन रतनजी उम्रीगर ह्यांचा जन्म झाला. वडिलांचा धंदाहि कापडाचाच. बालपणाचीं वर्षें सोलापुरांत काढून उम्रीगर विद्यार्थिदशेंत मुंबईस आले, मुंबई विद्यापीठाच्या संघाचे कप्तान झाले, आणि १९४८ सालीं वेस्ट इंडीजचा पाहुणा संघ पुण्यास खेळावयास आला तेव्हां विद्यापीठांच्या संयुक्त संघातर्फे त्यांनीं नाबाद ११५ धांवा केल्या. त्याच वर्षीं डिसेंबरांत मुंबईच्या ब्रेबोर्न मैदानावर ते आपला पहिला कसोटी सामना खेळले. उंच, रुंद खांद्यांचा, हातांत बॅट घेतली कीं ती लहान वाटावी असा हा गडी पुढें जगाला ‘पॉली’ ह्या नांवानें माहीत झाला.

ह्या पॉलीच्या कीर्तीवर मात्र एक डाग होता, आणि तो क्षुल्लक नव्हता. १९५२ सालीं भारतीय संघ इंग्लंडला गेला, तेव्हां फ्रेड ट्रूमन नांवाचा यॉर्कशायरचा एक तरुण आग ओकल्यासारखे चेंडू टाकीत होता. चार कसोटी सामन्यांत त्यानें २९ गडी टिपले. त्याच्यापुढें भारतीय फलंदाजांची जी तारांबळ उडाली, तींत उम्रीगर ह्यांची शोभा सर्वांत अधिक झाली: सात डावांत अवघ्या ४३ धांवा. चेंडू हातांतून सुटण्यापूर्वींच त्यांचा पाय स्क्वेअर लेगच्या पंचाच्या दिशेनें सरकतो, असें बोललें जाऊं लागलें व त्यावर विनोदी गोष्टी रचल्या गेल्या. चमत्कार असा कीं, त्याच दौऱ्यांतील सगळे सामने हिशेबांत घेतले तर भारतीयांपैकीं सर्वांत अधिक धांवा उम्रीगर ह्यांच्याच होत्या. अर्थात् खेळ येत नव्हता असें म्हणण्यास जागा नव्हती. उणें आहे तें काळीज, असा निष्कर्ष लोकांनीं काढला. आणि हा शिक्का एकदां बसला म्हणजे तो शतकांनींहि सहजासहजीं पुसला जात नाहीं.

तो पुसण्याचा प्रयत्न त्यांनीं केला नाहीं असें नव्हे. १९५३ सालीं वेस्ट इंडीजमध्यें पांच कसोटी सामन्यांत त्यांनीं ५६० धांवा जमविल्या. १९५५ सालीं हैदराबादेस न्यूझीलंडविरुद्ध २२३ धांवा केल्या; कसोटी सामन्यांतील भारताचें तें पहिलें द्विशतक. ज्या मँचेस्टरच्या मैदानावर १९५२ सालीं भारताचे दोन डाव ५८ आणि ८२ धांवांत एकाच दिवशीं कोसळले होते, त्याच मैदानावर १९५९ सालीं ट्रूमन समोर असतांना त्यांनीं ११८ धांवांची खेळी केली. आठ कसोटी सामन्यांत त्यांनीं भारताचें नेतृत्वहि केलें. पण १९५९ च्या जानेवारींत, मद्रासच्या सामन्याच्या आदल्या रात्रीं, संघाच्या निवडीवरून क्रिकेट मंडळाच्या वरिष्ठांशीं वाद होऊन त्यांनीं कप्तानपदाचा राजीनामा दिला आणि दुसऱ्या दिवशीं तें मैदानावर विनू मंकड ह्यांच्या हाताखालीं साधे गडी म्हणून उतरले. वेस्ट इंडीजविरुद्धच्या त्या एका मालिकेंत भारताचे चार कप्तान झाले. कप्तान बदलण्याची संवय, म्हणावयाचें तर, संघास तेव्हांपासूनची होती.

ही धरसोड थांबविली ती नरी काँट्रॅक्टर ह्यांनीं. जन्म गोध्र्याचा, १९३४ सालचा; डावखुरे सलामीचे फलंदाज. रणजी करंडकाच्या आपल्या पहिल्याच सामन्यांत, १९५२ च्या हंगामांत, गुजराततर्फे दोन्ही डावांत शतकें काढून त्यांनीं खातें उघडलें होतें. त्यांच्या देहाचा चिवटपणा १९५९ सालीं लॉर्ड्‌सवर सर्वांस दिसला. ब्रायन स्टॅथमच्या चेंडूनें बरगड्यांस इजा झाली, हाडें मोडलीं, तरी ते मागें फिरले नाहींत. तशाच स्थितींत ८१ धांवा करूनच तंबूंत परतले. पुढच्या वर्षीं, वयाच्या सव्विसाव्या वर्षीं, ते भारताचे कप्तान झाले. पाकिस्तानविरुद्धचे पांचहि सामने अनिर्णित राहिले. त्यांत रस थोडा व सावधपणा फार होता. परंतु १९६१ च्या नोव्हेंबरांत इंग्लंडचा संघ आला आणि काँट्रॅक्टर ह्यांच्या नेतृत्वाला फळ आलें. कानपूरला उम्रीगर नाबाद १४७; कलकत्ता व मद्रास येथें विजय; आणि १५ जानेवारी १९६२ रोजीं मालिका दोन विरुद्ध शून्य अशी भारताच्या पदरांत. इंग्लंडविरुद्ध मालिका जिंकण्याची ती भारताची पहिलीच वेळ.

गुलाल अंगावरून झडला नाहीं तोंच संघाला वेस्ट इंडीजकडे निघावें लागलें. मध्यें विश्रांति अशी नव्हतीच. सोळा गड्यांच्या त्या संघांत मराठी मुलखाचा वांटा मोठा होता. पुण्याचे चंदू बोर्डे व वसंत रांजणे, नाशिकचे बापू नाडकर्णी, मुंबईचे विजय मांजरेकर व रमाकांत देसाई, आणि मडगांवांत जन्मलेले दिलीप सरदेसाई. गोवा मुक्त होऊन तेव्हां दोन महिनेहि पुरे झाले नव्हते. सरदेसाई ह्यांचें जन्मगांव नुकतेंच भारताच्या नकाशांत आलें होतें, ही गोष्ट येथें नोंदण्यासारखी आहे. संघाचे व्यवस्थापक होते गुलाम अहमद, १९५८-५९ च्या त्या चार कप्तानांपैकीं एक.

वेस्ट इंडीजचा संघ त्या वेळीं जगांत कोणासहि भारी होता. फ्रँक वॉरेल कप्तान. सोबर्स, कन्हाय, हंट हे फलंदाज. वेस्ली हॉलचा वेग आणि लान्स गिब्ज ह्याची फिरकी. फेब्रुवारींत पोर्ट ऑफ स्पेन येथें भारत दहा गडी राखून हरला. दुसऱ्या डावांत सारा संघ ९८ धांवांत गुंडाळला गेला. मार्चमध्यें किंग्स्टनला भारतानें प्रथम ३९५ धांवा केल्या. बोर्डे ९३, नाडकर्णी नाबाद ७८, उम्रीगर ५०. पण प्रतिपक्षानें आठ गड्यांत ६३१ धांवांचा डोंगर उभा केला, आणि एक डाव व १८ धांवांनीं तोहि सामना हातचा गेला. दोन पराभव पाठीशीं घेऊन संघ बार्बेडोसला पोंचला.

ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हल मैदानावर तिसऱ्या कसोटीपूर्वीं बार्बेडोस बेटाच्या संघाशीं एक सामना ठरलेला होता. यजमानांनीं ३९४ धांवा केल्या, आणि १७ मार्च १९६२ रोजीं काँट्रॅक्टर व सरदेसाई भारताच्या डावाची सुरुवात करावयास निघाले. समोर चार्ली ग्रिफिथ, धिप्पाड बांध्याचा वेगवान गोलंदाज. ज्याच्या चेंडूनें भारताच्या साऱ्या दौऱ्याचें रूप पालटलें, तो त्या मालिकेंतील एकाहि कसोटी सामन्यांत खेळला नाहीं, हा एक विलक्षण योगायोग आहे.

सरदेसाई लवकर बाद झाले. काँट्रॅक्टर ह्यांच्या नांवावर दोन धांवा होत्या. त्या काळीं त्या मैदानाच्या त्या बाजूस फलंदाजाच्या नजरेपुढें धरावयाचा पांढरा पडदा नव्हता. गोलंदाजाच्या पाठीमागें प्रेक्षागृहाची इमारत होती. ग्रिफिथ धांवत येत असतांना त्या इमारतींतील एक खिडकी कोणीतरी उघडली आणि आपलें लक्ष क्षणभर तिकडे गेलें, असें काँट्रॅक्टर ह्यांनीं पुढें वेळोवेळीं सांगितलें आहे. आखूड टप्प्याचा चेंडू उजव्या कानाच्या वर, कवटीच्या बाजूवर येऊन आदळला. ते चेंडूखालीं वांकले व चेंडू अपेक्षेइतका उसळला नाहीं, असें त्या वेळच्या वृत्तान्तांत लिहिलें गेलें. आपण वांकलोंच नव्हतों, असें काँट्रॅक्टर ह्यांचें म्हणणें. ज्याच्या कवटीवर आघात झाला, त्याच्या साक्षीला अधिक वजन द्यावयास हवें. फलंदाजाच्या डोक्यावर टोपीखेरीज कांहीं नसे, असा तो काळ होता. शिरस्त्राण वापरण्याची रीत त्यानंतर पंधरा वर्षांनीं रूढ होऊं लागली.

त्यांना तेथून रुग्णालयांत नेण्यांत आलें. मैदानावर खेळ थांबला नाहीं. थोड्याच वेळांत मांजरेकर ह्यांच्या नाकावर चेंडू बसला आणि तेहि रक्तबंबाळ होऊन परतले. पहिला डाव ८६ धांवांत आटोपला. दुसऱ्या डावांत मांजरेकर तें सुजलेलें नाक घेऊन पुनः उभे राहिले व त्यांनीं नाबाद शतक काढलें. डावानें झालेल्या पराभवांत त्या शतकाची आठवण फारशी कोणास राहिली नाहीं, ही खेदाची गोष्ट होय. ह्याच सामन्यांत कॉर्टेझ जॉर्डन ह्या स्थानिक पंचानें ग्रिफिथचा चेंडू फेकी ठरवून ‘नो बॉल’ पुकारला. स्वतःच्या बेटाच्या गोलंदाजाविरुद्ध, स्वतःच्या बेटावरील प्रेक्षकांसमोर असा निर्णय देण्यास धैर्य लागतें. ग्रिफिथ ह्याची फेक हा पुढें कित्येक वर्षें वादाचा विषय झाला. पण काँट्रॅक्टर ह्यांनीं त्याला दोष दिला नाहीं.

इकडे रुग्णालयांत काँट्रॅक्टर ह्यांची शुद्ध हरपली होती. कवटीला तडा जाऊन आंत रक्त साचलें होतें व मेंदूवरचा तो दाब तत्काळ कमी करणें अवश्य होतें. बेटावर मेंदूच्या शस्त्रक्रियेचा तज्ज्ञ नव्हता. तेथील शल्यविशारदानें पहिली शस्त्रक्रिया करून जीव धरून ठेवला, आणि मग त्रिनिदादहून तज्ज्ञास विमानानें आणून दुसरी शस्त्रक्रिया करण्यांत आली. रक्त हवें होतें. तें देण्यास प्रथम पुढें झाला तो प्रतिपक्षाचा कप्तान, फ्रँक वॉरेल. त्याच्यामागून बोर्डे, नाडकर्णी, उम्रीगर आणि के. एन्. प्रभु हे वृत्तपत्रकार. ब्रिजटाउनच्या त्या खोलींत बार्बेडोस, पुणें, नाशिक आणि सोलापूर ह्या गांवांचे सुपुत्र एकाच माणसासाठीं बाही वर करून बसले होते. सहा दिवस काँट्रॅक्टर ह्यांस शुद्ध नव्हती.

सातव्या दिवशीं, २३ मार्चला, त्याच मैदानावर तिसरा कसोटी सामना सुरू झाला.

कप्तान कोणी व्हावें, हा प्रश्न कागदावर सोपा होता. कारण उपकप्तान ठरलेला होता. पण तो उपकप्तान म्हणजे मन्सूर अली खान, पतौडीचे नबाब. वय २१ वर्षें आणि ७७ दिवस; जमेस तीन कसोटी सामने; आणि आदल्या वर्षींच्या जुलईंत इंग्लंडांतील होव्ह येथें मोटारीच्या अपघातांत उजव्या डोळ्याची दृष्टि जवळजवळ गेलेली. कसोटी क्रिकेटांत तोंवर इतक्या लहान वयाचा कप्तान कोणत्याहि देशास मिळाला नव्हता. हा विक्रम २००४ पर्यंत अबाधित राहिला. त्याच्या हाताखालीं खेळावयाचे ते कोण? १९४८ पासून कसोटी खेळत आलेले, आठ सामन्यांत देशाचे कप्तान राहिलेले, जवळजवळ छत्तीस वर्षांचे उम्रीगर; दहा वर्षें मैदान गाजविलेले मांजरेकर; अनुभवी बोर्डे व नाडकर्णी. पंधरा वर्षांनीं धाकट्या कप्तानाचा हुकूम मानून क्षेत्ररक्षणास उभें राहणें वाटतें तितकें सोपें नसतें. ज्या पुरुषानें तीन वर्षांपूर्वीं अभिमानापायीं कप्तानपद एका रात्रींत टाकलें होतें, तोच आतां मुकाट्यानें चेंडू हातांत घेऊन त्या पोरसवदा कप्तानासाठीं षटकांवर षटकें टाकीत होता.

अशा प्रसंगीं दुःखानें संघ एकजीव होतो आणि त्याच आवेशांत पराक्रम करून दाखवितो, असें सांगण्याची एक पद्धत पडून गेली आहे. ब्रिजटाउनच्या सामन्यानें तिला आधार दिला नाहीं. भारताच्या पहिल्या डावांत २५८ धांवा झाल्या, त्यांत नव्या कप्तानाच्या ४८ होत्या. वेस्ट इंडीजनें ४७५ केल्या. दुसऱ्या डावांत, शेवटच्या दिवशीं, सरदेसाई व मांजरेकर चिकाटीनें खेळत राहिले. उपाहाराच्या वेळीं दोन गड्यांत १५८ धांवा झालेल्या होत्या. सामना वांचला, असें कोणासहि वाटलें असतें. त्यानंतर लान्स गिब्ज ह्यानें आठ गडी बाद केले आणि २९ धांवांची भर पडते न पडते तों १८७ वर सारा डाव संपला. गिब्जचा हिशेब ३८ धांवांत आठ बळी असा झाला. ध्यानांत घेण्याची गोष्ट ही कीं, भीति होती वेगाची, आणि घात केला मंदगतीच्या फिरकीनें. ज्याचें लक्ष सतत डोक्यावर येणाऱ्या चेंडूकडे लागून राहिलें आहे, त्याला पायाशीं वळणारा चेंडू दिसत नाहीं, असा तर्क कोणी केला तर तो अगदींच अवास्तव म्हणतां येणार नाहीं. उम्रीगर ह्यांच्या धांवा त्या सामन्यांत ८ आणि १० होत्या. म्हणजे जखम झाल्यानंतरच्या पहिल्या सामन्यांत सोलापूरचा हा गडीहि इतरांसारखाच ढासळला होता.

चौथा सामना ४ एप्रिल रोजीं त्रिनिदादांत, पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क मैदानावर सुरू झाला. ह्या बेटावर भारतीयांस अगदींच परकें वाटण्याचें कारण नव्हतें. १८४५ पासून १९१७ पर्यंत करारानें बांधून नेलेल्या भारतीय मजुरांचे वंशज तेथें मोठ्या संख्येनें राहतात, आणि मैदानावर पाहुण्यांच्या बाजूनें टाळी वाजविणारे हात त्यांत पुष्कळ असत. अर्थात् रक्ताचें नातें दुसऱ्या बाजूसहि होतें: वेस्ट इंडीजतर्फे १३९ धांवा ज्यानें ठोकल्या, तो ब्रिटिश गियानाचा रोहन कन्हाय अशाच एका मजूर कुळांतला. शेवटच्या जोडीला वॉरेल व हॉल ह्यांनीं गोलंदाजांस अगदीं रडकुंडीस आणलें. वॉरेल नाबाद ७३, हॉल नाबाद ५०, आणि नऊ गड्यांत ४४४ झाल्यावर डाव सोडला गेला. पडलेल्या नऊपैकीं पांच गडी उम्रीगर ह्यांनीं १०७ धांवा देऊन घेतले होते. ते मूळचे फलंदाज. ऑफ ब्रेक टाकणें हा त्यांचा जोडधंदा.

मग भारताचा डाव. हॉल ह्यानें वरचे मोहरे झटपट उडविले. त्या डावांत त्यानें वीस धांवा देऊन पांच गडी घेतले. पडत्या डावाला टेकू दिला तो तिघांनीं: उम्रीगर ५६, पतौडी ४७, बोर्डे ४२. एकूण १९७. पुनः फलंदाजीला यावें लागलें, आणि समोर २४७ धांवांची पिछाडी.

ह्या दुसऱ्या डावांत काय झालें, तें जरा सविस्तर सांगितलें पाहिजे. विजय मेहरा ह्यांनीं ६२ धांवा करून पाया घातला. सलीम दुराणी ह्यांस तिसऱ्या क्रमांकावर धाडण्यांत आलें आणि त्यांनीं १०४ धांवा केल्या. परंतु हे दोघे गेल्यावर डावाची पुनः पडझड सुरू झाली, आणि तेथें उम्रीगर उभे राहिले. डावाचा भार बव्हंशीं त्यांनीं एकट्यानें ओढला. दहा वर्षांपूर्वीं ट्रूमनपुढें ज्यांचा पाय लेगकडे सरकतो म्हणून जग हंसलें होतें, त्याच पुरुषानें हॉलच्या वेगापुढें, सुमारें तीन आठवड्यांपूर्वीं आपल्या कप्तानाची कवटी फुटलेली पाहिली असतांना, डोक्यावर शिरस्त्राण नसतांना, चेंडूच्या रेषेंत उभें राहून पुढें पाऊल टाकलें. सुमारें चार तासांत १७२ धांवा, आणि अखेरपर्यंत नाबाद. हा वेग पाहिला म्हणजे ही केवळ तग धरून राहण्याची खेळी नव्हती, हें उघड होतें. एका टोकाला गडी बाद होत राहिले, दुसऱ्या टोकाला सोलापूरचा पॉली मारीत राहिला. डाव ४२२ वर संपला. एकाच कसोटींत शतक करणें आणि एका डावांत पांच गडी बाद करणें ही दुहेरी कामगिरी त्यापूर्वीं फक्त एकाच भारतीयानें केली होती: १९५२ सालीं लॉर्ड्‌सवर विनू मंकड ह्यांनीं.

सामना मात्र वांचला नाहीं. वेस्ट इंडीजला जिंकण्यास १७६ धांवा हव्या होत्या. त्या त्यांनीं तीन गड्यांत केल्या. किंग्स्टनचा पांचवा सामना १८ एप्रिलला १२३ धांवांनीं गेला. तेथेंहि उम्रीगर ह्यांच्या ३२ आणि ६० धांवा होत्या. पांच सामने, पांच पराभव. हॉल २७ बळी, गिब्ज २४ बळी.

आंकड्यांत पाहूं गेल्यास हा दौरा म्हणजे सरसकट नामुष्कीच होय, आणि कित्येकांनीं त्याची तशीच नोंद करून ठेवली आहे. पण त्याच आंकड्यांस जरा वेगळ्या रीतीनें विचारलें तर ते दुसरेंहि कांहीं सांगतात. मालिकेंत उम्रीगर ह्यांच्या एकंदर ४४५ धांवा झाल्या. त्यांपैकीं काँट्रॅक्टर धडधाकट असतांनाच्या चार डावांत १०७. दुखापतीनंतरच्या पहिल्या सामन्यांत १८. आणि शेवटच्या चार डावांत ३२०. कप्तान पडल्याबरोबर त्याची जागा कोणी भरून काढली नाहीं. आधीं सगळेच हादरले. मग तीन आठवड्यांनीं, हळू हळू, भार एकेकानें आपापल्या खांद्यावर घेतला, आणि त्यांत सर्वांत मोठा वांटा उचलला तो, ज्याच्याकडून लोकांनीं वेगवान गोलंदाजीपुढें धैर्याची अपेक्षाच सोडून दिली होती, त्यानें. रुग्णालयांत रक्त देणारा हात आणि पोर्ट ऑफ स्पेनला बॅट धरणारा हात एकच होता, ह्यापलीकडे त्या स्थित्यंतराची चिकित्सा करण्याची जरूर दिसत नाहीं.

किंग्स्टनचा सामना हा उम्रीगर ह्यांचा अखेरचा कसोटी सामना ठरला. पाठीच्या दुखण्यानें त्यांना थांबावें लागलें. त्या वेळीं ५९ कसोटी सामने, ३६३१ धांवा आणि १२ शतकें ह्या तिन्ही बाबतींत भारतीयांत त्यांच्या पुढें कोणी नव्हतें. त्याच वर्षीं सरकारनें त्यांना पद्मश्री दिली. १९७८ पासून १९८२ पर्यंत ते राष्ट्रीय निवडसमितीचे अध्यक्ष होते, आणि ७ नोव्हेंबर २००६ रोजीं मुंबईंत त्यांचें निधन झालें.

त्या हरलेल्या संघांतील कांहीं मंडळींनीं पुढें हिशेब चुकता केला. १९७१ सालीं अजित वाडेकर ह्यांच्या संघानें वेस्ट इंडीजला त्यांच्याच घरीं प्रथम हरविलें, तेव्हां पोर्ट ऑफ स्पेनच्या निर्णायक सामन्यांत सोबर्स व लॉइड ह्यांस दुराणी ह्यांनीं बाद केलें. आणि ६४२ धांवा करून ती मालिका ज्यांनीं गाजविली ते दिलीप सरदेसाई, १७ मार्च १९६२ रोजीं काँट्रॅक्टर ह्यांच्याबरोबर पायऱ्या उतरून गेलेले तेच. ब्रिजटाउनच्या त्याच मैदानावर त्यांनीं ह्या वेळीं १५० धांवा केल्या.

फ्रँक वॉरेल १९६७ च्या मार्चमध्यें रक्ताच्या कर्करोगानें, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षीं वारला. बंगालची क्रिकेट संघटना १९८१ पासून त्याच्या नांवानें ३ फेब्रुवारीस कलकत्त्याला रक्तदानाचा दिवस पाळूं लागली.

आणि काँट्रॅक्टर? ते जगले. पुढें वेलोर येथें शस्त्रक्रिया करून त्यांच्या कवटींत धातूची पट्टी बसविण्यांत आली. ती घेऊन ते पुनः मैदानावर उतरले आणि १९७०-७१ च्या हंगामापर्यंत प्रथम श्रेणीचें क्रिकेट खेळले. मात्र कसोटी संघांत त्यांना पुनः घेण्यांत आलें नाहीं. ती पट्टी डोक्यांत वागवीत त्यांनीं साठ वर्षें काढलीं. २०२२ सालीं मुंबईच्या एका रुग्णालयांत ती काढण्यांत आली.